थंडी खालून येते

कार्तिकी एकादशी होते, कपाशीची दुसरी वेचणी आटोपते आणि आमच्याकडे पहाटेचा वारा बदलतो. दुपारी २८-३० अंशांचं ऊन, शेतात काम केलं तर पाठीला घाम. पहाटे चारला मात्र पारा दहाच्या खाली. धुळ्याकडे तो सहा-सातवर येतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली जातो. सातपुड्यात डाब-तोरणमाळकडे गवतावरचं दव गोठतं. सारंगखेड्याची यात्रा भरते तेव्हापासून संक्रांतीपर्यंतचे दिवस मुक्या जनावरांना सगळ्यात कठीण. एकाच दिवसात वीस अंशांचा चढउतार त्यांच्या अंगावरून जातो, आणि त्यांना गोधडी ओढून घेता येत नाही.

मी जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यात राहते. खळ्यात दोन म्हशी, एक गाय, अकरा शेळ्या आणि लहानमोठ्या धरून सत्तरेक कोंबड्या आहेत. लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे छत्तीस वर्षं, शेणामुतात हात आहे. जे इथं लिहितेय ते करून पाहिलेलं आहे. काही गोष्टी शिकताना जनावरं गमावली आहेत, तेही सांगते.

माझ्या सासूबाई म्हणायच्या, "थंडी वरथीन येत नही, खालथीन येस." थंडी वरून येत नाही, खालून येते. तेव्हा मला वाटायचं, म्हातारं माणूस, काहीतरी बोलतं. वारा तर वरून, बाजूने लागतो. मग एका हिवाळ्यात मी त्यांचं न ऐकता कोंबड्यांचं खुराडं चारी बाजूंनी प्लास्टिकच्या कागदाने घट्ट बांधलं. कुठे बोटभर फट ठेवली नाही. कोंबड्या आत उबदार असतील म्हणून मी निवांत झोपले. आठव्या दिवशी पहाटे कागद उचलला, तर आतल्या बाजूने पाण्याचे थेंब टपटप माझ्या हातावर पडले. आतून असा वास आला की डोळे चुरचुरले आणि मी मागे सरकले. खालचा भुसा ओला होऊन चिकटला होता. चार-पाच कोंबड्या मान लांब करून तोंडाने श्वास घेत होत्या, नाकाशी फेस, गळ्यातून घरघर. त्या पंधरवड्यात अकरा गेल्या. थंडीने नाही गेल्या. आपल्याच श्वासाच्या वाफेने, विष्ठेतल्या अमोनियाने आणि खालच्या ओलीने गेल्या.

तेव्हापासून माझं सगळं हिवाळी काम दोन गोष्टींभोवती फिरतं. जनावराच्या अंगाखालची जागा कोरडी हवी, आणि वारा अडला तरी हवा खेळती हवी. कोरड्या अंगाचं, पोटभर खाल्लेलं मोठं जनावर आपल्याकडची थंडी सहज काढतं. ओलं झालं की हरतं.

म्हणून कडाका पडायच्या आधी, दिवाळीनंतरच, खाली बघा. गोठ्याच्या जमिनीला दहा फुटाला तीन इंच उतार हवा, मूत नालीकडे वाहून गेलं पाहिजे. पावसाळ्यात खुरांनी खड्डे पडलेले असतात, त्यात नवा मुरूम टाकून ठोकून घ्या. ज्यांनी सिमेंटचा कोबा केला आहे त्यांनी जास्त सावध राहावं. कोबा धुवायला सोपा, पण पहाटे तो बर्फासारखा असतो, आणि म्हैस रात्रभर त्यावर कास टेकून बसते. आमच्या गल्लीत कोबा केलेल्या दोन गोठ्यांत त्याच हिवाळ्यात सडं सुजली. कोबा असेल तर वर रबरी मॅट टाका, नाहीतर चांगला वीतभर काड-भुशाचा थर द्या.

अंथरायला आपल्याकडे काय कमी आहे? गव्हाणीत उरलेलं दादरचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, चिपाड, सोयाबीनचा भुसा, शेंगांची टरफलं, केळीच्या पट्ट्यात असाल तर वाळलेली केळीची पानं. फक्त बुरशी लागलेलं काही टाकू नका. थर कोरडा आहे का ते हाताने कळत नाही, हात वरवर फिरतो. मी गुडघा टेकते. दहा आकडे मोजेपर्यंत गुडघ्यावर भार देऊन बसायचं. उठल्यावर साडीला ओल लागली असेल तर तेवढी जागा उचलून कोरडं टाकायचं. रात्री नऊच्या सुमारास, झोपायच्या आधी, एकदा शेण ओढायचंच. रात्रीचं हे एक शेण ओढलं नाही तर म्हैस त्यातच बसते, आणि पहाटे तिची अख्खी मांडी ओली असते.

वारा अडवताना दिशा बघा. हिवाळ्यातला बोचरा वारा आमच्याकडे उत्तरेकडून येतो. ती बाजू आणि पूर्वेकडचा कोपरा बंद करायचा. पऱ्हाटी किंवा तुराट्यांचा कूड करून शेणमातीने लिंपला तर त्यासारखं काही नाही, खर्च फक्त मेहनतीचा. नाहीतर बारदानं शिवून पडदा करा. दक्षिणेची बाजू मोकळी ठेवा, कारण या दिवसांत सूर्य दक्षिणेकडून कलून जातो आणि दुपारचं ऊन थेट गव्हाणीपर्यंत आत येतं. ते ऊन जमीन वाळवतं. पडदा कधीही छतापर्यंत नेऊ नका. वर फूटभर मोकळं ठेवा. वाफ आणि वास वरूनच बाहेर जातात, आणि तिथून येणारा वारा जनावराच्या अंगाला लागत नाही. खुराड्याचा पडदाही खाली पक्का बांधून वर ओढायचा, म्हणजे उघडायचा तो वरून. मी उलटं केलं होतं, वरून सोडलेला कागद खालून गुंडाळायची. त्याने थंड झोत नेमका कोंबडीच्या छातीला लागायचा.

सकाळी खुराड्यात डोकं घालून एक खोल श्वास घ्या. तुमच्या नाकाला झोंबलं तर कोंबडीला रात्रभर झोंबत होतं. तिचं नाक जमिनीच्या अगदी जवळ असतं.

कोंबड्यांच्या अंगाखाली मी तीन-चार इंच भुसा ठेवते आणि दोन दिवसांनी दाताळ्याने खालीवर करते. पाण्याच्या भांड्याभोवती तो हमखास ओला होतो. तेवढा उचलायचा, भांड्याखाली वीट ठेवायची. ओल फार झाली असेल तर थोडा चुना मिसळायचा. बसायला लाकडाची दोन इंच रुंदीची पट्टी द्या, लोखंडी पाईप देऊ नका. रुंद पट्टीवर कोंबडी पोटाची पिसं पायांवर पसरून बसते, बोटं झाकली जातात. लोखंड तिच्या पायातली ऊब ओढून घेतं.

डिसेंबर-जानेवारीत भरीत होतं ना घरोघरी. पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली की राख राहते. ती टाकू नका. पूर्ण थंड होऊ द्या, चाळून घ्या, कोरड्या मातीत मिसळून एका जुन्या घमेल्यात उन्हाच्या जागी ठेवा. कोंबड्या त्यात लोळतात, पिसं फुलवतात आणि अंगावरच्या उवा झडतात. उवांनी पोखरलेली कोंबडी थंडीत टिकत नाही, आणि हिवाळ्यात आपण त्यांना उचलून बघत नाही म्हणून उवा वाढतात. आठवड्यातून एकदा दोन-तीन कोंबड्या हातात घ्या, पंखाखाली आणि गुदाजवळची पिसं बाजूला करून पाहा. तेव्हाच छातीचं हाडही चाचपून घ्या. धारदार लागलं तर तिला खाणं पुरत नाही.

खाणं थंडीत जास्त लागतं, कारण त्यातला बराच भाग अंग गरम ठेवण्यात जातो. मोठ्या कोंबडीला एरवी शंभर-सव्वाशे ग्रॅम पुरतं, त्यात मी मूठ-मूठ बाजरी नाहीतर भरडलेला मका वाढवते. आणि तो सकाळी देत नाही, संध्याकाळी पाचला देते, दिवेलागणीच्या आधी. पोटात दाणा घेऊन कोंबडी झोपली की तो रात्रभर पचत राहतो आणि आतून ऊब देतो. सकाळी चुरा किंवा शिजवलेली कणी चालते.

अंडी कमी झाली म्हणून घाबरू नका. त्याला थंडीपेक्षा दिवस जबाबदार आहे. अंडं धरायला कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो आणि आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा. विकण्यासाठी अंडी हवी असतील तर पहाटे चारला एक बल्ब लावा आणि उजाडल्यावर बंद करा. संध्याकाळी लावू नका. रात्री एकदम अंधार झाला की ज्या कोंबड्या अजून खाली आहेत त्यांना पट्टीवर चढता येत नाही, त्या कोपऱ्यात गोळा होतात. माझ्या देशी कोंबड्यांना मी हा बल्ब लावत नाही. दोन महिने त्यांनाही विसावा मिळू दे असं मला वाटतं, आणि वसंतात त्या भरपूर देतात.

पिल्लांचं मात्र वेगळं आहे. मोठी कोंबडी थंडी काढते, पिल्लू एका रात्रीत मरतं. अंगावर पिसं येईपर्यंत त्याला स्वतःची ऊब धरता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीन-तीन अंशांनी कमी करत जायचं. एका पिल्लाला दोन वॅट असा हिशोब धरा, पन्नास पिल्लांना शंभरचा बल्ब. बल्ब पिवळा, जुन्या तारेचा हवा. हे मुद्दाम सांगते, कारण आता दुकानात सगळे एलईडी मिळतात. त्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. आमच्या शेजारच्या एका सुनेने एलईडीखाली तीस पिल्लं ठेवली होती. सकाळी ती रडत माझ्याकडे आली. पिवळा बल्ब मिळाला नाही तर पोल्ट्रीचं सामान विकणाऱ्याकडे उबेचे वेगळे दिवे मिळतात.

माझ्याकडून झालेली चूक वेगळी होती. बल्ब बरोबर होता, जागा चौकोनी होती. रात्री दोनला लाईट गेली, पहाटेपर्यंत आली नाही. चाळीस पिल्लं ऊब शोधत एका कोपऱ्यात एकावर एक चढली. वरची वाचली, खालची गुदमरली. कोपऱ्यातून मी ती एकेक करून काढली तेव्हा खालची अजून गरम होती. त्यानंतर मी पिल्लांना कोपरा कधी दिला नाही. पत्र्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा दीड फूट उंचीचा गोल कडा करायचा, पिल्लं त्याच्या आत. आणि लाईट जाणारच हे धरून चालायचं. मी दोन-तीन स्टीलच्या बरण्यांत गरम पाणी भरून, बारदानात गुंडाळून, झाकण घट्ट आहे हे दोनदा बघून गोलात ठेवते. पिल्लं तिला बिलगतात. तीन-चार तास ती ऊब धरते, मग बदलायची. निखाऱ्याचं मडकं जुने लोक ठेवायचे. ते बंद खोलीत मुळीच ठेवू नका, कोळशाचा वायू पिल्लांना आणि तिथं झोपलेल्या माणसालाही मारतो.

ऊब बरोबर आहे का हे पिल्लंच सांगतात. बल्बखाली दाटी करून चिवचिव करत असतील तर थंडी लागतेय, बल्ब खाली घ्या. कडेला जाऊन चोच उघडून बसली असतील तर बल्ब वर घ्या. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने कुठूनतरी झोत येतोय, हात फिरवून फट शोधा. सगळीकडे विखरून, पाय ताणून झोपली असतील तर तुम्हीही झोपायला जा.

खुडूक कोंबडी मिळाली तर तिच्यासारखी ऊब कशातच नाही. फक्त पौषात तिच्याखाली पंधरा अंडी घालू नका, दहा-अकरा पुरे. कडेची अंडी पंखाबाहेर राहतात, गार पडतात आणि एकवीस दिवसांनी तीच कुजकी निघतात.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, याच दिवसांत गल्लीच्या गल्ली साफ करते. पिल्लू सात दिवसांचं झालं की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, आठव्या आठवड्यात आर-टू-बीचं इंजेक्शन. लसीची बाटली शंभर पक्ष्यांची असते आणि एकदा पाण्यात मिसळली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून घरात वीस पिल्लं असतात ती बाई लस आणत नाही. आम्ही पाच-सहा जणींनी एकच दिवस ठरवला आहे. बर्फाच्या डब्यात बाटली येते, एका ओट्यावर सगळ्यांची पिल्लं टोपल्यांत जमतात, एकजण धरते, एकजण थेंब टाकते. खर्च वाटून घेतला की चहाइतकाही येत नाही. आजारी पिल्लाला मात्र लस देऊ नका.

आणि बाहेरचे पक्षी. हिवाळ्यात हतनूर धरणाच्या पाण्यावर, गावोगावच्या पाझर तलावांवर पाहुणे पक्षी उतरतात. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशात पहिल्यांदा, आणि २०२१ ला पुन्हा नवापुरातच. तिथल्या लोकांनी शेडच्या शेड रिकामी होताना पाहिली. आपल्या घरच्या कोंबड्यांना तलावावर जाऊ देऊ नका, तिथलं पाणी आणून पाजू नका, दाणा उघड्यावर पसरून ठेवू नका. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या उकिरड्यावर न फेकता आधी दवाखान्यात कळवा.

आता ढोरं. म्हशीला लोक दणकट समजतात, पण थंडीत गाईपेक्षा म्हैस नाजूक. तिच्या काळ्या कातडीवर केस विरळ असतात. झूल आधी म्हशीला, मग गाईला, आणि सगळ्यात आधी वासरा-पारड्यांना. झूल घरीच होते. सरकी ढेपीची दोन तागी बारदानं उसवून सपाट करा आणि लांबीला जोडून सुतळीने शिवा. खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत पुरली पाहिजे, दोन्ही बाजूंना पोटाच्या अर्ध्यापर्यंत लोंबली पाहिजे. पोटाखालून दोन बंद, आणि शेपटीखालून एक सैल फास, म्हणजे उठताबसताना ती पुढे घसरत नाही. प्लास्टिकचं पोतं थेट अंगाला लावू नका, आतून घाम सुटतो. सकाळी ऊन आलं की झूल काढायची आणि कुंपणावर वाळत टाकायची. ओली झूल घालण्यापेक्षा जनावर उघडं बरं.

रात्रीचा चारा भरपूर आणि कोरडा. दादरचा कडबा, बाजरीचं सरमाड, जे असेल ते. लोक सकाळी पेंड्या टाकतात आणि रात्री गव्हाण रिकामी ठेवतात. उलटं करा. कोरडी वैरण पोटात आंबते आणि त्यातून उष्णता निघते, रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात ती चूलच असते. मी रात्री साडेनऊला शेवटची पेंडी टाकते. दुभत्या म्हशीला सरकी ढेप आणि मक्याचा भरडा थोडा वाढवते, रोज मीठ ३० ग्रॅम आणि खनिज मिश्रण ५० ग्रॅम. लसूणघास कोवळा असेल तर कडब्यात मिसळूनच द्या, नुसता दिला की पोट फुगतं. दव असलेल्या हरभऱ्यात शेळ्या घुसल्या तरी तेच होतं. आणखी एक धोका ज्वारीच्या खोडव्याचा. कापणीनंतर पाण्याविना खुरटलेले हिरवे फुटवे जनावराने खाल्ले तर किराळ लागते, म्हणजे त्यातलं विष चढतं, तासाभरात जनावर आडवं होतं. असं रान दिसलं की दावं घट्ट धरा.

पाण्याची गोष्ट फार जण विसरतात. गार पाण्याला ढोर तोंड लावून सोडून देतं. पाणी कमी, वैरण कोरडी, मग शेण घट्ट, दूध कमी. चूल पेटवून पिंपभर पाणी तापवायची गरज नाही. पहाटे विहिरीचं, बोरचं पाणी कोमट असतं, वाफा निघतात त्यातून. हौदात रात्रभर साठलेलं पाणी पाजायचं नाही. सकाळी मोटार सुरू केली की पाइपाच्या तोंडाचं ताजं पाणी बादलीत धरून पाजायचं. माझ्या म्हशी हौदातलं जेमतेम पाव बादली प्यायच्या, ताज्या पाण्याच्या दोन बादल्या पितात. केळीवाले थंडीत रात्री बागेला पाणी देतात ते याच ऊबेसाठी, नाहीतर केळीला चरका बसतो. लाईट रात्रीची असेल त्या आठवड्यात मी हौदातलं पाणी दुपारी, ऊन लागलेलं पाजते.

आंघोळ रोज नको. खरारा करा, त्याने कातडीखालचं रक्त फिरतं आणि गोचीडही दिसतात. धुवायचंच असेल तर दुपारी बारा ते दोन. धार काढताना सडं कोमट पाण्याने धुवा आणि पुसून कोरडी करा. ओल्या सडाला गार वारा लागला की भेगा पडतात. भेग दुखली की म्हैस लाथ मारते, धार अर्धी राहते आणि तिथून कासदाह सुरू होतो. धार झाल्यावर सडाला थोडं तूप नाहीतर ग्लिसरीन लावते. अंगठा मुडपून ओढू नका, मुठीने पिळा.

पहाटे बॅटरी घेऊन गोठ्यात फेरी मारायची सवय ठेवा. म्हशी बहुतेक हिवाळ्यातच माजावर येतात आणि माज मुका असतो, ओरडत नाहीत. पहाटे सोट्याचा, म्हणजे माजाच्या चिकट स्रावाचा, काचेसारखा धागा लोंबताना दिसतो, दिवसा तो वाळून जातो. ही एक फेरी चुकली तर वर्षभराचं वेत लांबतं.

शेळ्यांना मी जमिनीवर बसवत नाही. फूट-दीड फूट उंच बांबूचा माचा केला आहे, फटी एवढ्याच की करडाचा खूर अडकणार नाही. लेंडी-मूत खाली पडतं, अंग कोरडं राहतं. पण माच्याखालून उत्तरेचा वारा शिरला तर तो फटींतून थेट पोटाला लागतो, म्हणून ती बाजू खालपर्यंत झाका. पहिल्या वर्षी मी हे केलं नव्हतं, आणि सासूबाई नेमक्या माच्याखाली वाकून बघत उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, एक बारदान आणून लावलं.

दव उतरेपर्यंत, म्हणजे साडेनऊ-दहापर्यंत, शेळ्या सोडायच्या नाहीत. पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची, लस दिलेली असावी, थंडीत हा रोग छातीत उतरतो. ढोरांना लाळ्या-खुरकूतची लसही थंडी वाढायच्या आधी टोचून घ्या. बाजारातून, वरखेडीहून असो की कुठूनही, नवं जनावर आणलं तर तीन आठवडे वेगळं बांधा. उघड्या पिकअपमध्ये रात्रीचं आणू नका. वाऱ्यात चार तास उभं राहिलेलं जनावर घरी येऊन तिसऱ्या दिवशी खोकायला लागतं.

एक जानेवारीची रात्र सांगते. तीनच्या सुमारास शेळी व्याली, दोन करडं. पहिलं मी पुसून घेतलं, दुसरं कधी पडलं ते अंधारात कळलं नाही. बॅटरी मारली तर ते माच्याच्या कडेला ओलंच पडलेलं, हालचाल नाही. तोंडात बोट घातलं, तोंड गार. करडाचं तोंड गार असेल तर त्याला तसंच दूध पाजायचं नाही, हे मला ठाऊक होतं. त्याला गिळता येत नाही, दूध फुफ्फुसात जातं. आधी ऊब. त्याला जुन्या धोतराने खसाखसा चोळलं, केस उभे राहीपर्यंत. तव्यावर वाळू तापवली, फडक्यात पुरचुंडी बांधली, आपल्या गालाला लावून पाहिली, भाजत नाही ना, मग त्याच्या काखेत आणि पोटाशी ठेवली, वरून बारदान. पुरचुंडी गार झाली की दुसरी. तासाभराने पुन्हा बोट घातलं, तर त्याने बोट चोखलं. तेव्हा चीक काढला, कोमट होता तोच, चमच्याने थोडा-थोडा दिला. उजाडताना ते मागच्या पायांवर उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं.

चीक पहिल्या तासात पोटात गेला पाहिजे, आणि दिवसभरात वजनाच्या दहाव्या भागाइतका. दोन किलोच्या करडाला पाव लिटरपेक्षा थोडा कमी, तीस किलोच्या पारडूला तीन लिटर, तीन-चार वेळा विभागून. वार पडायची वाट बघत चीक थांबवणारे अजून आहेत. तेवढ्या वेळात पिल्लू गार पडतं. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा, आणि पहिल्या दिवसात वासराला कोरड्या काडावर, वाऱ्याआड ठेवा.

गोठ्यात शेकोटी करू नका. हे मी विनवून सांगते. आमच्याकडे शेजारच्या जिभाऊंनी एका कडक रात्री गोठ्याच्या दाराशी पऱ्हाटी पेटवली, थोडा वेळ शेकून आत गेले. वाऱ्याने ठिणगी कडब्याच्या गंजीवर गेली. दावी कापेपर्यंत एक बैल आणि एक वगार गेली. वाचलेल्या बैलाच्या पाठीवरचे केस पुढे कधी आले नाहीत. शेकोटी करायचीच तर गंजीपासून आणि गोठ्यापासून वीस-पंचवीस पावलं लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, आणि झोपायच्या आधी पाणी ओतून. बल्बची वायरही तपासा, उंदरांनी कुरतडलेली वायर आणि खाली भुसा, एवढं पुरतं.

आभाळाकडे लक्ष ठेवा. ढगाळ रात्र ऊबदार जाते, आपण गाफील राहतो. अवकाळी पाऊस पडून आभाळ निवळलं की त्या पहिल्या स्वच्छ रात्री पारा सगळ्यात खाली येतो, आणि त्याच रात्री जमीनही ओली असते. त्या संध्याकाळी मी सगळं अंथरूण बदलते, वेळ रात्रीचे दहा झाले तरी.

जनावर थरथरत असेल, कान गार असतील, रवंथ थांबलं असेल, नाकातून शेंबूड घट्ट येत असेल तर घरगुती काढ्यावर दोन दिवस घालवू नका. १९६२ या नंबरवर फोन केला की फिरता दवाखाना येतो. तोवर झूल, कोमट पाणी आणि थोडा गूळ एवढंच. तेल किंवा काढा नळीने पाजू नका, ठसका लागून तो छातीत जातो.

महाशिवरात्रीनंतर झुली लगेच काढू नका. दिवसा ऊन चटकतं, पण पहाट अजून गार असते. वासरांची झूल मी आठवडाभर जास्त ठेवते. मग बारदानं साबणाच्या पाण्यात उकळून, दोन उन्हं देऊन, कडुनिंबाचा पाला घालून माळ्यावर टाकते. शिवण उसवलेली असेल तर तेव्हाच सुतळी घालून ठेवते.